जहाज कुणाच्या हुकमाने हलायचं? सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि कलकत्त्याचा तंटा

एप्रिल १७५५. कोकणचे आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांचा हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग नुकताच पडलाय. पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर इंग्रज आरमाराच्या कमोडोर विल्यम जेम्सला म्हणतात, दोन लाख रुपये देतो, असेच लगोलग दाभोळवर चला. जेम्स म्हणतो, थांबा, मुंबईला विचारून येतो.

गंमत अशी की सुवर्णदुर्गावर तोफा डागण्याआधी त्याने मुंबईला विचारलं नव्हतं. उलट मुंबईच्या कौन्सिलने निघतानाच बजावलं होतं की किल्ल्यांच्या वाटेला जायचं नाही, तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात कोंडून ठेवायचं, बास. जेम्सने तो हुकूम गुंडाळून ठेवला आणि किल्ला घेतला. आता मात्र त्याला हुकमाची आठवण झाली. एका गलबतातून तो स्वतः मुंबईला गेला आणि परवानगी मागितली. उत्तर आलं: सगळी जहाजं घेऊन ताबडतोब माघारी या. का? तर ताफ्यातल्या एका बाँबफेक्या गलबताची कौन्सिलला काळजी लागली होती.

त्या गलबताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा तंटा त्यात दिसतो. नेहमीच्या लढाऊ जहाजाच्या तोफा आडव्या, समोर मारा करणाऱ्या. बाँबफेक्यावर असते जाड, बुटकी उखळी तोफ. ती गोळा उंच उडवते, तो तटावरून पलीकडे आत पडतो आणि फुटतो. एवढी जड तोफ उडाल्यावर तिचा धक्का सोसायचा म्हणून गलबत भक्कम आणि तळाला सपाट बांधलेलं. खाडीत नांगरून उभं राहायला उत्तम, पण खवळलेल्या समुद्रात निव्वळ ओझं. पावसाळा जवळ आलेला. हे गलबत बुडालं तर नवं कोण देणार? मुंबईच्या गव्हर्नरला लंडनला हिशोब द्यायचा होता. जेम्सला कोकणचा अर्धा किनारा हाताशी दिसत होता, कौन्सिलला खातेवहीतली एक ओळ दिसत होती. कोकणातल्या कुठल्याही नाखव्याला विचारा, वैशाखात सपाट तळाचं ओझं घेऊन बाहेर पडू नका, असंच तो सांगेल. त्यामुळे कौन्सिलला अगदीच भित्रं म्हणवत नाही.

११ एप्रिलला सुवर्णदुर्ग मराठ्यांच्या ताब्यात दिला गेला आणि १५ तारखेला ताफा मुंबईकडे निघाला. दाभोळ राहिलं ते राहिलंच.

एक जहाज, दोन धनी

हा प्रश्न समजायला आधी हे डोक्यात पक्कं करावं लागतं की त्या काळी इथे ‘इंग्रजांचं आरमार’ अशी एक वस्तू नव्हती. दोन होती. एक बॉम्बे मरीन, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार. जेम्स त्यातला. जहाजं कंपनीची, पगार कंपनीचा, हुकूम मुंबईच्या गव्हर्नरचा आणि त्याच्या कौन्सिलचा. दुसरं रॉयल नेव्ही, इंग्लंडच्या राजाचं आरमार. ते युरोपात फ्रेंचांशी वैर पेटलं की इकडे यायचं. त्याचा अ‍ॅडमिरल लंडनच्या नौदल खात्याला जबाबदार. मुंबई, मद्रास किंवा कलकत्त्याच्या गव्हर्नराला तो बांधील नव्हता. गव्हर्नर त्याला विनंती करू शके, आर्जव करू शके, पण आज्ञा देऊ शकत नसे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा लष्कराच्या आणि नौदलाच्या तुकड्या मदतीला आल्या. कुठल्या गावात माणसं अडकलीत ते जिल्हा प्रशासन सांगणार. पण या धारेत बोट घालायची की नाही, हे तुकडीचा अधिकारी ठरवणार, आणि त्याचा वरिष्ठ कलेक्टर नव्हे. आज हे निभावतं, कारण दोघांच्या वर एकच सरकार आहे आणि फोन एका मिनिटात लागतो. १७५५ साली वरचं सरकार सहा महिन्यांच्या प्रवासावर होतं. पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष सहज जाई. तोवर जो तो आपल्या खिशातला कागद काढून दाखवायचा.

असा तंटा किती महागात पडतो ते फ्रेंचांनी नऊ वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. सप्टेंबर १७४६ मध्ये ला बूर्दोने हा फ्रेंच आरमाराचा प्रमुख मद्रास जिंकून बसला. ११ लाख पॅगोडा (दक्षिणेतलं सोन्याचं नाणं) खंडणी घेऊन शहर इंग्रजांना परत करायचा शब्द त्याने दिला. पाँडिचेरीचा गव्हर्नर ड्यूप्लेक्स मात्र अर्काटच्या नवाबाशी बोलणी करून बसला होता, मद्रास घेतलं की तुम्हाला देतो म्हणून. एका शहराचे दोन शब्द, दोन माणसांना, दोन अधिकाऱ्यांनी दिलेले. दोघांची पत्रापत्री चालू असताना ऑक्टोबरचं वादळ आलं आणि मद्रासपुढे नांगरलेला फ्रेंच ताफा मोडून पडला. ला बूर्दोने उरलीसुरली जहाजं घेऊन निघून गेला, पुढे पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात पडला. ड्यूप्लेक्सने खंडणीचा करार मोडला. नवाबालाही शहर मिळालं नाही.

पुण्याचीही तीच डोकेदुखी

आता आपल्या बाजूला वळू, कारण सुवर्णदुर्गाच्या मोहिमेची मुळं तिथेच आहेत. आपण ही गोष्ट बहुतेक वेळा ‘पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने मराठी आरमार बुडवलं’ एवढ्यावर ऐकतो, आणि मग वाद पेटतो. तो वाद पुष्कळ झालाय. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. नानासाहेब पेशव्यांपुढचा प्रश्नसुद्धा जहाजांवर हुकूम कुणाचा, हाच होता.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यानंतर घराण्यात वाटण्या झाल्या. कुलाब्याला मानाजी, विजयदुर्गाला संभाजी आणि त्यांच्यामागे तुळाजी. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, ही पदवी छत्रपतींची, पण किल्ले, गोद्या, गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, गलबतं आणि त्यांवरचे खलाशी सगळे आंग्र्यांच्या हातचे. पुण्याला जमिनीवरच्या सरदाराला वठणीवर आणायचं तर दुसरा सरदार पाठवता येई. समुद्रावर पाठवायला तसं दुसरं आरमार तुळाजींच्या तोडीचं नव्हतं. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते. म्हणून मुंबईकडे बोलणं गेलं.

१९ मार्च १७५५ च्या तहातलं कलम वाचण्यासारखं आहे. मराठी ताफा इंग्रजांच्या हुकमाखाली राहील, मात्र कारवाया उभयतांच्या संमतीने होतील. पकडलेली जहाजं निम्मी निम्मी, तोफा आणि किल्ल्यांतलं सामान पेशव्यांचं. बाणकोटचा हिम्मतगड आणि पाच गावं इंग्रजांना कायमची. पहिल्या वाक्याची दोन टोकं पाहा: हुकूम एकाचा, संमती दोघांची. तह लिहिणाऱ्याला असं वाक्य सुचतं, कारण दोन्ही बाजू सही करायला तयार होतात. डेकवर उभ्या असलेल्या माणसाने मात्र त्याचं करायचं काय?

जेम्सने काय केलं ते आपण पाहिलं. २२ मार्चला तो मुंबईहून निघाला तेव्हा त्याच्याकडे ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’, एक १६ तोफांचं गलबत आणि दोन बाँबफेकी होती. चौलकडून आलेला मराठी ताफा सात गुराबा आणि साठेक गलबतांचा. सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेला कातळच कातळ, तिथे मारा करून उपयोग होईना. मग त्याने जहाज बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात घुसवलं, इतकं जवळ की डोलकाठीवर चढलेले बंदूकवाले तटावरच्या गोलंदाजांना टिपू लागले. हर्णैच्या बंदरात उभं राहून समोर पाहिलं तर त्या पाण्याचा अंदाज येतो. कंपनीचं सगळ्यात किमती जहाज त्या फटीत नेणं म्हणजे कौन्सिलच्या हुकमाच्या नेमकं उलट. किल्ल्यातलं दारूचं कोठार पेटलं आणि बाजी फिरली. पेटलं नसतं तर जेम्सची चौकशी झाली असती, असं माझं मत. पेटलं म्हणून पुढे तो इंग्लंडात सर झाला, कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही झाला. त्याच्या पश्चात बायकोने लंडनजवळच्या टेकडीवर मनोरा बांधला, त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग’. आपला सुवर्णदुर्ग. तो मनोरा अजून उभा आहे.

राजाचा अ‍ॅडमिरल येतो

त्याच वर्षी नोव्हेंबरात अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन राजाची जहाजं घेऊन मुंबईत आला. ७० तोफांचं ‘केंट’, ६६ तोफांचं ‘कम्बरलँड’. जेम्सचं ‘प्रोटेक्टर’ त्यांच्यापुढे पोरसवदा. कंपनीच्या फौजेसह रॉबर्ट क्लाइव्ह आधीच येऊन थांबला होता; त्याला खरं तर दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध वापरायचं होतं, ते जमलं नाही. एवढी जहाजं आणि फौज एकत्र आलीच आहे तर विजयदुर्ग घेऊन टाकू, असं ठरलं.

मोहिमेआधी सभा भरली. आपल्याला वाटेल की नकाशे पसरून तट कुठून फोडायचा याची चर्चा झाली असेल. मुख्य चर्चा लुटीच्या वाटणीची झाली. अ‍ॅडमिरलांचा मिळून आठवा हिस्सा, त्यातला दोन तृतीयांश वॉटसनचा, एक तृतीयांश त्याच्या हाताखालच्या पोकॉकचा. क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानाएवढा. फौजेचे अधिकारी बिथरले: आमच्या प्रमुखाला पोकॉकच्या बरोबरीने मिळालं पाहिजे. आरमारवाले ऐकेनात. शेवटी वॉटसन म्हणाला, फरक मी माझ्या हिश्शातून भरून देतो. पुढे त्याने खरोखरच हजार पौंड देऊ केले आणि क्लाइव्हने ते घेतले नाहीत. दोघांनीही मोठेपणा दाखवला, यात शंका नाही. पण एक गोष्ट नजरेआड करू नका: त्या वाटणीत मराठ्यांचं नाव कुठेच नव्हतं. तोफा आणि सामान पेशव्यांचं, असं तहात लिहिलं होतं. तो तह कंपनीचा. राजाच्या अ‍ॅडमिरलवर तो बंधनकारक कसा, हा प्रश्न विचारणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. दोन धनी असण्याचा हाही एक फायदा असतो: शब्द एकाने द्यायचा, हात दुसऱ्याने मारायचा.

११ फेब्रुवारी १७५६ ला ताफा विजयदुर्गापुढे आला. इंग्रज त्याला घेरिया म्हणत, शेजारच्या गिर्ये गावावरून. तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हते, मराठी छावणीत तहाची बोलणी करत होते. किल्ला बोलण्यांतूनच पेशव्यांना मिळाला असता तर लूट नावाची गोष्टच उरली नसती. १२ तारखेला वॉटसनने मारा सुरू केला. एक गोळा वाघोटन खाडीच्या मुखाशी नांगरलेल्या ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मुळात मुंबईकरांचंच, तुळाजींनी १७४९ मध्ये पकडलेलं. ते पेटलं, आणि शेजारी शेजारी बांधून ठेवलेलं आंग्र्यांचं आरमार एकामागून एक जळून गेलं. वाटणीला निम्मी जहाजंही उरली नाहीत. रात्री क्लाइव्ह फौज घेऊन उतरला तो किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध, म्हणजे मराठे आधी आत जाऊ नयेत. १३ तारखेला किल्ला पडला. आत सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला आणि तो जहाजांवरच वाटला गेला.

आता निस्तरणार कोण? वॉटसन उन्हाळ्यातच मद्रासकडे निघून गेला. मुंबईचा गव्हर्नर बुर्चियर मात्र जागचा हलणार नव्हता. नानासाहेबांची तक्रार त्याच्या टेबलावर आली, पुण्याला वकील त्यालाच पाठवावे लागले. मुंबईकरांना विजयदुर्ग ठेवून घ्यायचा होता, बदल्यात बाणकोट परत द्यायची तयारी होती. पुण्याने मानलं नाही. १२ ऑक्टोबर १७५६ ला पुण्यात नवा तह झाला: विजयदुर्ग पेशव्यांना, बाणकोट आणि दहा गावं कंपनीला. लुटीचा पैसा परत आला नाही. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले, ते सुटलेच नाहीत.

मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात बोलका वाटतो. आरमाराचा माणूस वाऱ्याबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो. तहाची बोलणी करणाऱ्याला त्याच शेजाऱ्याचं तोंड पुढची वीस वर्षं पाहायचं असतं. दोघं एकमेकांना मूर्ख समजतात ते यामुळे. एकाचा हिशोब भरती-ओहोटीचा, दुसऱ्याचा पिढ्यांचा. विजयदुर्गावर दोघांचे स्वार्थ जुळले म्हणून भांडण बाहेर आलं नाही. अकरा महिन्यांनी, कलकत्त्यात, ते चव्हाट्यावर आलं.

“नाहीतर तोफा डागून बाहेर काढीन”

जून १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कलकत्ता घेतलं. मद्रासहून वॉटसन आणि क्लाइव्ह निघाले. निघण्याआधीच एक नाटक झालं. मद्रासला राजाच्या फौजेचा कर्नल होता, अ‍ॅडलरक्रॉन. मोहीम कंपनीच्या क्लाइव्हकडे, म्हणून हा रुसला. माझ्याशिवाय राजाच्या तोफा जाणार नाहीत म्हणाला. चढवलेल्या तोफा परत उतरवल्या गेल्या. त्याचे काही सैनिक गेले, पण कसे? जहाजावरचे शिपाई म्हणून, म्हणजे कागदोपत्री वॉटसनच्या हाताखाली. ही पळवाट लक्षात ठेवा.

२ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत हाती आलं. फोर्ट विल्यममध्ये आधी शिरला कॅप्टन आयर कूट, याच राजाच्या शिपायांसह. त्याच्या खिशात वॉटसनचा हुकूम होता: किल्ल्याचा ताबा तुझा, माझ्या आज्ञेशिवाय कंपनीच्या माणसांना आत घेऊ नकोस. थोड्या वेळाने क्लाइव्ह दाराशी आला. त्याच्या शिपायांना अडवलं. क्लाइव्ह आत घुसला आणि कूटला म्हणाला, मी लेफ्टनंट कर्नल, तू कॅप्टन. ऐकलं नाहीस तर अटक करीन.

निरोप जहाजावर गेला. वॉटसनने कॅप्टन स्पेकला पाठवून विचारलं, किल्ल्याचा ताबा तुम्ही कुठल्या अधिकाराने घेतलात? क्लाइव्हने चतुर उत्तर दिलं. कंपनीचं नाव त्याने काढलंच नाही. राजाच्याच सनदेने मी लेफ्टनंट कर्नल आहे, म्हणाला. खोटं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी तो हुद्दा त्याला खरोखर मिळाला होता. राजाच्या कागदावर राजाचाच कागद ठेवला. वॉटसन भडकला. किल्ला सोडला नाहीत तर तोफा डागून बाहेर काढीन, असा निरोप आला. क्लाइव्ह म्हणाला, मग होईल त्याला मी जबाबदार नाही.

चित्र डोळ्यापुढे आणा. नवाबाची फौज अजून शाबूत आहे, शहर लुटलेलं आहे, आणि किल्ला परत घेऊन एक दिवसही झालेला नसताना इंग्रज जहाजाच्या तोफा इंग्रज किल्ल्यावर रोखायची भाषा चालू आहे. शेवटी कॅप्टन लॅथम मध्ये पडला, दोघांचाही दोस्त. तोड अशी निघाली की अ‍ॅडमिरल स्वतः आले तर क्लाइव्ह किल्ल्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती देईल. दुसऱ्या दिवशी वॉटसन उतरला, किल्ल्या घेतल्या आणि तिथल्या तिथे कंपनीच्या गव्हर्नर ड्रेकच्या हाती ठेवल्या. म्हणजे किल्ला शेवटी कंपनीकडेच गेला. मधला सगळा खटाटोप एवढ्यासाठी, की तो क्लाइव्हकडून न जाता वॉटसनच्या हातून जावा.

पुढच्या काही महिन्यांत वॉटसनचं ‘नाही’ आणखी दोनदा आडवं आलं. चंद्रनगरच्या फ्रेंचांवर चालून जायला क्लाइव्ह उतावीळ होता. नवाबाशी नुकताच तह झालाय, त्याच्या संमतीशिवाय मी जहाजं हलवणार नाही, असं वॉटसन म्हणाला. मोठी जहाजं नदीत नेल्याशिवाय चंद्रनगर पडणं कठीण, त्यामुळे क्लाइव्हला थांबावं लागलं. नवाबाचं एक गोलमोल पत्र संमती म्हणून वाचून घेतलं गेलं आणि २३ मार्चला चंद्रनगर पडलं. दुसरं ‘नाही’ जास्त गाजलं. नवाबाला गादीवरून काढायला त्याच्याच सेनापतीशी, मीर जाफरशी, गुप्त करार करताना सावकार अमीचंदला फसवायला दोन कागद केले, खरा आणि खोटा. खोट्यावर सही करायला वॉटसनने नकार दिला. क्लाइव्हने त्याची सही दुसऱ्याच्या हातून करून घेतली. म्हणजे जहाजं अडवता आली, कागद अडवता आला नाही. त्याच ऑगस्टच्या १६ तारखेला वॉटसन कलकत्त्यात वारला.

विजयदुर्ग पेशव्यांच्या आरमाराचं ठाणं झाला, तिथे पेशव्यांचे आरमारप्रमुख म्हणून धुळप आले. १७ मे १७८२ ला सालबाईला इंग्रज-मराठ्यांचा तह झाला, लढाई संपली. जवळजवळ अकरा महिन्यांनी, ८ एप्रिल १७८३ ला, बॉम्बे मरीनचं ‘रेंजर’ हे जहाज दक्षिणेकडे चाललं होतं, त्यावर जनरल मॅक्लाउड आणि कर्नल हंबरस्टन हे बडे अधिकारी. आनंदराव धुळपांच्या ताफ्याने ते घेरलं. मोठी झुंज झाली. मॅक्लाउड जखमी झाला, हंबरस्टन त्या जखमांनी महिनाअखेरीस मेला. पकडलेलं जहाज ओढून नेलं ते त्याच वाघोटनच्या खाडीत, जिथे सत्तावीस वर्षांपूर्वी ‘रिस्टोरेशन’ जळालं होतं.